कोंडवाड्यातली पाव्हणी

बीबी गावच्या बाजारतळावर सकाळपासून लस टोचणं चाललं होतं. माझ्या हातात सिरिंज, कंपाउंडरच्या खांद्याला बर्फाचा थर्मास आणि पुढे बैलांची रांग थेट नाल्यापर्यंत. लस बुळकांडीची. बुळकांडी म्हणजे ढोरांची महामारी. एकदा गावात शिरली की दावणीच्या दावणी रिकाम्या करून जायची. ही लस एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागे, नाहीतर द्या फेकून. म्हणून रांग सोडून चहालासुद्धा जाता येत नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच एस.टी. येऊन थांबली.

"डॉक्टरसायेब, तुमच्या गावच्या कोंडवाड्यातून निरोप हाय!" कंडक्टर लांबूनच ओरडला. "किसनभाऊनं सांगतलं. गाईले लाळ लागली म्हने. लंगडून बी राह्यली. तुमाले बलावलं."

"कोणाची गाय?"

"कोनाची असन? हरवलेली. कोंडवाड्यातली."

"आत्ता कसा येऊ? हे बैल काय तू टोचतोस?"

"मंग चिठ्ठी तरी द्या सायेब. परतीच्या खेपेत देऊन देतो. तिकडं डायवर हारन वाजवून राह्यला."

लाळ म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आमच्याकडे जनावराला 'लाळ लागली' म्हणजे लाळ-खुरकूत. तोंडात फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होऊन जनावर लंगडतं. बहुतेक ढोरं धुऊन-पुसून बरी होतात. त्या पंधरवड्यात आसपासच्या सात-आठ गावांत ती होतीच. लाळ आणि लंगडणं, दोन्ही खुणा जुळल्या. झालं! निदान तयार. समोरच्या बैलाच्या पाठीवर कागद टेकवला आणि चिठ्ठी लिहिली. अक्षर न् अक्षर अजून पाठ आहे.

'किसनभाऊ, लाळ-खुरकूत आहे. दिवसातून तीनदा फिटकरीच्या कोमट पाण्याने तोंड धुवा. जीभ हाताने बाहेर ओढून बोटांनी आतून चांगली पुसा. पाय फिनाईलच्या पाण्याने धुवा. मी चार दिवसांनी येतो. घाबरण्याचे कारण नाही.'

खाली ऐटीत सही ठोकली. मी तेव्हा पंचविशीत होतो. महाराष्ट्र राज्य नवं, जिल्हा परिषद त्याहून नवी, मी नोकरीत त्याहून नवा. अक्कल तर अजून यायचीच होती.

आता किसनभाऊ कोण ते सांगतो. आमच्या गावच्या कोंडवाड्याचा तो रखवालदार. गाव मेहकर तालुक्यातलं, डोणगावच्या अलीकडचं. नाव सांगत नाही. कोंडवाडा म्हणजे ढोरांचा तुरुंग. कोणाचं ढोर दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरलं की आणून कोंडायचं, मग मालकानं येऊन सोडवून न्यायचं. चार भिंती, एक फाटक, एक हौद. बऱ्याच ठिकाणी कोंडवाड्यातली जनावरं नुसती वाळायची. मालक आला नाही तर ते ढोर कोणाचंच नाही, मग त्याला चारा घालणार कोण?

किसनभाऊ घालायचा. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. सकाळी विळा घेऊन निघायचा आणि धुऱ्याधुऱ्यावरचं, म्हणजे शेतांच्या बांधांवरचं, गवत कापून भारा आणायचा. त्याचा हा स्वभाव गावोगाव माहीत झाला होता. बाजारात चुकलेलं गाढव, कळपातून मागे पडलेली मेंढी, कुत्र्यांनी फाडलेलं हरीण, जे कोणाचं नाही ते लोक सरळ याच्या फाटकात आणून सोडत. त्या हिवाळ्यात तर रोहीचं पिल्लू होतं. रोही म्हणजे नीलगाय. आई विहिरीत पडून मेली, पिल्लू काठावर उभं सापडलं. बाटलीला चिंधीचं बोंड लावून किसनभाऊ त्याला दूध पाजायचा. रजिस्टरात त्यानं मास्तरांकडून लिहूनही घेतलं होतं: 'एक रोही. मालक नाही.' रजिस्टर वाचून मी हसलो तर म्हणाला, "खोटं हाय का सायेब?"

एकाही जनावराला तो नाव ठेवायचा नाही. सगळ्यांना पाव्हणा किंवा पाव्हणी म्हणायचा. मी एकदा विचारलं, "नाव काऊन ठेवत नाही?"

"नाव ठेवलं का आपलं झालं. मंग मालक आला तं देववत नाई. पाव्हन्यानं यावं, दोन घास खावं, आपल्या घरी जावं."

त्याची बायको गयाबाई हे ऐकून कपाळाला हात लावायची. "आमच्या घरी मानसं दोन अन् पाव्हने वीस," म्हणायची. आणि पिल्लाचं दूध कोमट करायला तीच चुलीपुढे बसायची.

ही गाय पंधरा दिवसांपूर्वी आली होती. लाल रंगाची, एक शिंग खाली वळलेलं. रस्त्यावर एकटीच उभी होती म्हणे. गळ्यावर घंटीच्या दोरीचा वण होता, पण घंटी नव्हती. किसनभाऊनं तो वण मला दाखवला होता. "चांगल्या घरची पाव्हनी हाय. धुंडत येतीन तिची मानसं."

मी परतलो तो ठरल्याप्रमाणे चौथ्या दिवशी, दुपारी. एस.टी.तून उतरलो आणि बॅग घेऊन सरळ कोंडवाड्यात. किसनभाऊ गाईपाशी बसला होता. शेजारी फिटकरीच्या पाण्याचं पातेलं, बाह्या वर, दोन्ही हात ओले.

"या सायेब. धू-धू धुतलं, पन उतारच नाई. आता मले वाटते घशात काई अडकलं. एखांदं हाडूक गिळलं असन. म्या घालून पाह्यला हात, पन माह्या हाताले लागलं नाई काई."

मी गाईचे पाय उचलून पाहिले. खुरं स्वच्छ. बेचक्यात एक ओरखडा नाही. लाळ-खुरकूत असती तर तिथं जखम असायलाच हवी होती. मागचे दोन्ही पाय मात्र लटपटत होते, चालवली तर खुरांची टोकं मातीत घासत होती. खरं तर मला तिथंच थांबायला हवं होतं. पण डोक्यात आता हाडूक शिरलं होतं. घशात काही अडकलं तर गायीला गिळता येत नाही, लाळ गळते, हेही पुस्तकात आहेच. मी शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, साबण लावला आणि तोंडाकडे हात नेला. वीतभर अंतर राहिलं असेल. तेवढ्यात ती हंबरली.

तो आवाज कसा सांगू? घोगरा, फाटका, मध्येच तुटणारा. कॉलेजात आमच्या एका सरांनी तो आवाज वर्गात काढून दाखवला होता आणि आम्ही सगळे खो-खो हसलो होतो. सर हसले नव्हते. म्हणाले होते, "हसा. पण हा आवाज कानावर पडला की हात खिशात घाला. घशात अडकलंय म्हणून ज्यानं ज्यानं तोंडात हात घातला, तो पस्तावायलाही फार दिवस उरत नाही."

मी हात मागे घेतला. कसा घेतला तेही कळलं नाही.

"काय झालं सायेब?"

"किसनभाऊ, बाजूला व्हा. ही पिसाळलीय."

"छ्या! काई तरीच. पिसाळलेलं जनावर पान्याले भेते. हे पाहा." त्यानं बादली पुढे सरकवली. गाईनं डोळ्यांपर्यंत तोंड बुडवलं. पाणी घशाखाली उतरेना, नाकातून परत आलं. तिनं पुन्हा तोंड बुडवलं. "पाह्यलं? भेते का सांगा!"

तुम्हालाही हेच वाटत असेल, म्हणून सांगतो. पाण्याला भितो तो माणूस. गाय भीत नाही. तिचा घसा लुळा पडतो. तहान असते, पाण्यापाशी जाते, तोंड बुडवते, आणि गिळता येत नाही. म्हणूनच पाहणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. मी किसनभाऊला हे सगळं सांगितलं. भरभर, चिडूनच सांगितलं.

"मानूस भेते, गाय भेत नाई," तो हळू म्हणाला. जणू धडा पाठ करत होता.

"हात दाखवा."

त्यानं हात पुढे केले. मी ते उजेडाकडे वळवून तपासले. थंडीनं भेगाळलेली बोटं. उजव्या तर्जनीवर विळ्याची चीर, अंगठ्याला कडब्याचं कापलेलं. फिटकरीनं सगळ्या जखमा पांढऱ्या पडलेल्या. रोगाचं विष असतं ते लाळेत. आणि हे हात तीन दिवस त्या लाळेत होते.

"किसनभाऊ, तुम्ही कंडक्टरला सांगितलं काय होतं? नेमकं?"

"सांगतलं का, लाळ गळून राह्यली अन् मांगचे पाय वढून राह्यली. डॉक्टराले धाडून दे."

लाळ गळून राह्यली. त्याची कंडक्टरच्या तोंडी 'लाळ लागली' झाली. पाय ओढते, त्याचं 'लंगडते' झालं. कंडक्टरचा काय दोष? त्याला वीस गावांचे निरोप पोचवायचे असत. दोष माझा. गळणारी लाळ म्हणजे खूण, लागलेली लाळ म्हणजे रोग, आणि या दोहोंत फरक करण्यासाठीच सरकारनं मला तिथं ठेवलं होतं. 'कोणते शब्द वापरले त्यानं?' एवढा एक प्रश्न मी विचारला नाही.

मी वाट पाहत होतो की आता किसनभाऊ म्हणेल, तुमीच तं लिव्हलं होतं. तो म्हणाला नाही. त्यानं हात साबणानं धुतले, मी सांगितलं तसे, पुन्हा पुन्हा. मग म्हणाला, "आता पाव्हनीचं काय?"

"ती दोन दिवसांत मरेल. तुम्ही आज निघा. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतात, चौदा. रोज एक. एक दिवस उशीर नको."

"हे मरून राह्यली अन् म्या जाऊ?"

"थांबून काय करणार?"

"मरते म्हनून तं थांबतो."

मी ओरडलो. "लेका, तू मरशील ना!" बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे केलं. गयाबाईनंही हात जोडले. पण तो बसला तो बसलाच. आम्ही गाईला दोन बाभळींच्या मधोमध दोन बाजूंनी दोरानं बांधलं, म्हणजे कोणाच्या अंगावर जाऊ नये. त्यानं पाणी भरून लांबूनच काठीनं बादली तिच्यापुढे सरकवली. उपयोग नव्हता, त्यालाही माहीत होतं. ती तोंड बुडवायची, उचलायची. तो म्हणायचा, "पी वं माय, पी." दोन दिवस असं चाललं. त्याला गठडी वळून एस.टी.त घालायला हवं होतं मी. नाही घातलं. माझ्या चिठ्ठीचं ओझं होतं ना मानेवर, जबरदस्ती करवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आता तिला पुरायचं. कातडं काढू न देता, खोल, वर चुना टाकून. मेलेली ढोरं ओढायचं काम किसनभाऊच्या वस्तीनं धम्म घेतल्यापासून सोडलं होतं. बरोबरच केलं होतं. गावानं तोंड फिरवलं. तुमी नाई वढत तं आमी काऊन वढू, म्हणाले. मी फावडं उचललं, म्हटलं मी खणतो. किसनभाऊनं माझ्या हातून ते काढून घेतलं.

"वढनं सोडलं सायेब. माती देनं नाई सोडलं."

आम्ही दोघांनी खड्डा खणला. हाताला फडकी गुंडाळून, दोरानं तिला आत सरकवली. अर्धी माती पडली असेल, तेवढ्यात फाटकाशी एक शेतकरी आला. लोणारकडचा. हातात घंटी. चार कोंडवाडे पालथे घालून आला होता. लाल गाय, एक शिंग खाली, कोणी पाहिली का? किसनभाऊनं फावडं टेकवलं.

"तुमच्या गाईले कुत्रं चावलं होतं का?" मी विचारलं.

"कुत्रं नाई. महिना-सव्वा महिना झाला, कोल्ह्यानं नाकाले धरलं होतं. भरली जखम. मंग एक दिवस दोर तोडून पयाली. काऊन?"

ही गोष्ट मला सहा दिवस आधी हवी होती. आम्ही तिला हिस्टरी म्हणतो. जनावर बोलत नाही, म्हणून मालकाला विचारायचं: कधीपासून, काय खाल्लं, काही चावलं का. अर्धं निदान तिथंच होतं. हरवलेल्या जनावराला हिस्टरी नसते. तिच्या नाकावरचा वण केसांत बुजला होता आणि जो सांगू शकला असता तो तेव्हा घंटी घेऊन रानोमाळ हिंडत होता.

किसनभाऊ त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "पाव्हनीले घरी नाई धाडू शकलो भाऊ. माफ करजा."

त्याच दिवशी मी त्याला घेऊन निघालो. मेहकर, चिखली, बुलढाणा. दवाखान्यातले डॉक्टर भले होते. हात पाहिले, दिवस विचारले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उशीर झालाय, जखमा बोटांवर आहेत. पण देऊ. लागू पडतं पुष्कळदा." किसनभाऊ तिथंच एका सोयऱ्याकडे राहिला. मी आपला परत आलो, त्याचे पाव्हणे सांभाळायला. तसा शब्दच दिला होता.

गाढवं, मेंढ्या, दोन म्हाताऱ्या गाई, सगळ्यांनी माझा चारा मुकाट्यानं खाल्ला. रोहीचं पिल्लू ऐकेना. मी बाटली दाखवली की भिंतीला चिकटून थरथरायचं. तिसऱ्या दिवशी त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. मग गयाबाईनं एक युक्ती केली. नवऱ्याचा जुना, न धुतलेला सदरा घरून आणला, लुगड्यावर चढवला आणि बाटली घेऊन त्याच्यापाशी बसली. पिल्लानं सदऱ्याची बाही हुंगली, आणि बोंड तोंडात घेतलं. "पाहा!" ती म्हणाली. "बायकोची किंमत नाई, सदऱ्याची हाय." आम्ही दोघंही हसलो. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच एक हसू आठवतं.

चौदा इंजेक्शनं पुरी करून किसनभाऊ परत आला. पोट पाटीसारखं कडक झालेलं, वाकून चालत होता. मला पाहून म्हणाला, "ढोरायले सुई कशी लागते ते आता समजलं. तुमी बी एक टोचून घ्या सायेब, हात हलका होईन." त्या दिवशी मी पोटभर जेवलो. वाटलं, सुटलो.

पाच-सहा आठवडे गेले. हरभऱ्याची सोंगणी चालू होती. एक दिवस सकाळी तो दवाखान्यात आला, उजवा हात डाव्या हातात धरून.

"सायेब, या बोटाईले मुंग्या येऊन राह्यल्या. चार दिवस झाले. अन् गयाच्या हातचा चहा बी गिळवला नाई आज."

मला कळलं. पण माणूस वेडा असतो. मला वाटलं, गवत कापताना शीर दुखावली असेल. मी माठातलं पाणी पेल्यात ओतून त्याच्या हातात दिलं. त्यानं पेला ओठांपर्यंत नेला. मान झटकन मागे गेली, सगळ्या अंगाला झटका बसला, पेला खाली. पाणी फरशीवर पसरलं, त्याच्याकडेही त्याला पाहवेना. थोड्या वेळानं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तुमी म्हनलं होतं सायेब," तो म्हणाला. "मानूस भेते."

मी त्याच्यापुढे खाली बसलो. मला रडू आवरेना. डॉक्टर रडतोय आणि पेशंट त्याच्या खांद्यावर हात ठेवतोय, असला तो प्रकार.

"गयाले दूर ठेवजा," तो म्हणाला. "अन् मले जोर आला तं बांधून टाकजा. पाव्हनीले बांधलं तसं. माह्या हातून कोनाले इजा नको."

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात तो गेला. मी तिथं होतो. त्याबद्दल एवढंच लिहितो.

आता रिपोर्ट. सरकारी कोंडवाड्यातलं जनावर पिसाळलं, त्यात माणूस मेला, म्हणजे रिपोर्ट आलाच. मी चिठ्ठीसकट सगळं लिहिलं. आठ दिवसांनी जिल्ह्याच्या साहेबांनी, माझ्या वरिष्ठांनी, बोलावून घेतलं.

"हे चिठ्ठीचं कशाला लिहिलंत?"

"तसं घडलं सर."

"चिठ्ठी आहे कुठं?"

"माहीत नाही. किसनकडे होती."

"म्हणजे नाही. कागद नाही तर विषयही नाही. 'लाळेचा संशय असल्याचा तोंडी निरोप मिळाला, लसीकरणामुळे जाता आले नाही' इथं थांबा. नवीन नोकरी आहे तुमची. त्या माणसानं चौदा सुया घेतल्या होत्या, दोन दिवस उशीरही त्यानंच केला. तुम्ही काय देव आहात?"

साहेब वाईट नव्हते. मला वाचवायलाच बघत होते. मी रिपोर्ट परत घेऊन गावी आलो. खोटं कशाला बोलू, येताना एस.टी.त मनाशी ठरवलंही होतं की साहेब म्हणतात तसंच लिहायचं.

संध्याकाळच्या आत कोंडवाड्यात गेलो. गयाबाई भिंतीशी बसली होती. अंगात तोच सदरा. पिल्लू आता कमरेएवढं झालं होतं, पाला खायला लागलं होतं, पण बाटलीशिवाय राहायचं नाही. ती पाजत होती. माझ्याकडे पाहून सरकून बसली. "बसा सायेब. याले आता हेच लागते," म्हणाली. सदऱ्याची बाही लांब होती, तिनं ती दोनदा दुमडली होती.

मी साहेबांसमोर तासभर बोललो होतो. इथं नुसता बाटलीकडे पाहत बसलो. शेवटी म्हटलं, "गयाबाई, एक सांगायचंय. चूक किसनभाऊची नव्हती. त्या चिठ्ठीत..."

तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही. बाटली खाली ठेवली आणि लगबगीनं उठली. घर तिथंच, फाटकाला लागून. आतून एक डबा घेऊन आली. डब्यातून घडी केलेला कागद काढला. फिटकरीच्या पाण्याचे पांढरे डाग पडले होते, घड्यांवर फाटायला आला होता.

"हे घ्या तुमची चिठ्ठी. त्यायले वाचता येत नव्हतं. मास्तराकडून तीनदा वाचून घेतली, पाठ केली. गावात लोक म्हनून राह्यले का किसननं डॉक्टराचं आयकलं नाई, आपल्या मनानं तोंडात हात घातले, म्हनून मेला. तुमी सांगा त्यायले. जसं लिव्हलं तसंच केलं त्यायनं. जीभ वढून, बोटानं आतून. दिसातून तीनदा. एक बी खेप चुकवली नाई, सायेब."

तिला वाटत होतं मी तक्रार घेऊन आलोय. ती नवऱ्याची बाजू मांडत होती, माझ्यापुढे.

मी चिठ्ठी घेतली. चूक माझी होती हे तिला त्या दिवशी सांगितलं, पूर्ण सांगितलं. तिनं ऐकलं. मग पिल्लानं तिची बाही ओढली, तिनं बाटली उचलली आणि म्हणाली, "त्यायले मालूम होतं का हे?"

"हो. पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"अन् मले बोलले नाईत," ती म्हणाली. सदऱ्याला डोळे पुसले आणि पाजत राहिली.

रिपोर्ट मी पहिला होता तसाच पाठवला, चिठ्ठी टाचून. महिन्याभरानं परत आला. साहेबांनी चिठ्ठी काढून माझ्या नावे वेगळ्या पाकिटात घातली होती आणि रिपोर्टवर शेरा मारला होता: 'नोंद घेतली.' बस. मला कोणी काही विचारलं नाही, कधीच. थोडी शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं. उन्हाळ्यात रोहीचं पिल्लू भिंत ओलांडून गेलं ते परत आलं नाही. गयाबाईनं मास्तरांकडून रजिस्टरात लिहून घेतलं: 'पाव्हणा गेला.'

पुढे तीस वर्षं मी हीच नोकरी केली. निरोप घेऊन येणाऱ्याला आधी बसवायचो आणि म्हणायचो, धाडणाऱ्याचे शब्द सांग, तुझे नको. लोक वैतागायचे; म्हातारा लेकाचा वकिलासारखं उलटं-सुलटं विचारतो, म्हणायचे. म्हणोत. जनावर स्वतः पाहिल्याशिवाय मी औषध लिहिलं नाही. आणि 'घाबरण्याचे कारण नाही' हे वाक्य त्यानंतर कुठल्याही कागदावर लिहिलं नाही.